एका रोजीचा हिशेब

रायपूरच्या उत्तरेस उरला ही औद्योगिक वसाहत आहे. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त तेथे गेलो असता एका कंत्राटी मजुराची सायकल चोरीस गेल्याचे समजले. तक्रार मात्र त्याने केली नव्हती. ठाण्यात गेले तर एक रोजी बुडणार, आणि वर सायकल तुझीच कशावरून, हे ऐकावे लागणार, असे त्याचे म्हणणे. अर्थशास्त्र शिकलेल्या मला हा हिशेब चुकीचा म्हणता आला नाही.

हा हिशेब फार जुना आहे. नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत १८६१ साली स्थापन झाला; रायपूर त्याचाच भाग. पोलीस कायदाही त्याच वर्षीचा. १८५७ च्या उठावानंतर सरकारला धाक बसविणारे दल हवे होते. ते सरकारला जबाबदार होते, रयतेला नव्हे. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य धरण्यास मनाई केली. ज्यांच्या हाती सरकारने दंडुका दिला, त्यांच्यावर त्याचा स्वतःचाच पुरता विश्वास नव्हता! हे तत्त्व आजच्या कायद्यातही टिकून आहे.

१९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत पोलीस आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर हे याच मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त. पोलीस दल भ्रष्ट व जुलमी समजले जाते आणि लोकांचा विश्वास मिळविण्यात ते पूर्णपणे अपयशी ठरले आहे, असे आयोगाने १९०३ च्या अहवालात स्पष्टपणे नोंदविले. शिपायास दरमहा किमान ८ रुपये वेतन द्यावे, ही शिफारसही केली. निदान अचूक होते. परंतु भर वेतन, भरती, प्रशिक्षण व देखरेखीवर राहिला. अन्याय झालेल्या माणसाने पोलिसांविरुद्ध दाद कोठे मागावी, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात दिले: पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमावीत. छत्तीसगडने २००७ साली नवा पोलीस कायदा केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेनुसार हद्दीबाहेरच्या दखलपात्र गुन्ह्याची खबरही कोणत्याही ठाण्यात नोंदवावी लागते.

तरीही सुधारणेची खरी परीक्षा ठाण्यातील त्या पहिल्या टेबलापाशीच होते. मजुराला बसावयास सांगणे, त्याची पाळी पाहून जबाब घेणे, खबरेची प्रत विनामूल्य त्याच्या हाती देणे, यांसाठी नवा आयोग लागत नाही. एवढे झाले, तर पुढच्या वेळी तो एक रोजी बुडवूनही ठाण्याची पायरी चढेल.