हिवाळ्यात सायकलवर थंडी नेमकी कुठून लागते? एका अर्धवट राहिलेल्या ३०० किलोमीटरचा हिशोब

गेल्या डिसेंबरात रात्री पावणेनऊला, वाईतल्या एका चहाच्या टपरीसमोर, मला माझ्याच हेल्मेटचा हुक काढता येत नव्हता. बोटं जागेवर होती, पण सांगितलेलं ऐकत नव्हती. शेवटी टपरीवाल्या काकांनी तो काढून दिला आणि चहाचा ग्लास हातात न देता समोर ठेवला, कारण माझ्या हातून तो पडणार हे त्यांना दिसत होतं.

३०० किलोमीटरची बीआरएम चालली होती. २११ किलोमीटर झाले होते. उरलेल्या ८९ किलोमीटरसाठी सव्वापाच तास हातात होते, पायही ठीक होते. तरी मी तिथेच सोडून दिलं आणि दादाला फोन केला. तो पुण्याहून गाडी घेऊन आला. गाडीत हीटर लावून बसल्यावर डोक्यात एकच प्रश्न होता. मीटरवर तापमान १० अंश होतं. १० अंशात माणूस इतका गारठतो का?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पुढचे काही महिने या प्रश्नाचं डीबगिंग केलं. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो आहे. तुम्ही बीआरएम करत नसाल, फक्त पहाटे सिंहगडाला जात असाल, तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी ध्येय, मग खरेदी

बीआरएम म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या जबाबदारीवर पूर्ण करायचं. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. थांबणं, जेवणं, पंक्चर, डुलकी, सगळं त्यातच. हे चारही टप्पे एका हंगामात केले की सायकलवाल्यांच्या भाषेत तुमची 'एसआर', म्हणजे सुपर रँडोनियर मालिका पूर्ण होते. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होऊन पुढच्या ३१ ऑक्टोबरला संपतो. दर चार वर्षांनी होणाऱ्या १,२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जायचं तर त्याच वर्षी ही मालिका करावी लागते. ते स्वप्न अजून लांब आहे, सध्या माझं गाडं ३०० वर अडलंय.

त्याआधी माझं ध्येय होतं 'वर्षाला ५,००० किलोमीटर'. ॲपवरचा आलेख छान वर चढायचा. पण ते किलोमीटर कसले? सकाळचे चाळीस-चाळीस, नाश्त्याला घरी. अंधार नाही, दमलेल्या अंगाने उतरलेला घाट नाही, ओल्या कपड्यात काढलेली संध्याकाळ नाही. एकूण अंतर हे मोजायला सोपं ध्येय आहे, पण त्यातून तयारी कसली झाली ते कळत नाही.

आता मी वेळेचा हिशोब वेगळा करतो. चालता वेग ताशी २० धरला तर ३०० किमीला १५ तास, म्हणजे थांबायला पाच तास. वेग २२ केला तर ८० मिनिटं वाचतात. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याच्याशी लढायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात, त्यामुळे सपाट रस्त्यावर २० चे २२ करायला पाव ते एक तृतीयांश जास्त ताकद लागते. तीच ८० मिनिटं थांबे आवरून फुकटात मिळतात. म्हणून या वर्षीचं पहिलं ध्येय आहे एकूण थांबे साडेतीन तासांच्या आत. दुसरं, शेवटच्या कंट्रोलवर हेल्मेटचा हुक स्वतः काढता आला पाहिजे. हसू नका, हे दुसरं जास्त अवघड आहे.

१० अंश आणि ६ अंश

वाऱ्यामुळे तापमान किती कमी 'वाटतं' याचं एक सूत्र आहे, विंड चिल. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ पासून वापरात आणलेलं. हवेचं तापमान १० अंश किंवा कमी असेल तेव्हाच ते लागू होतं. त्यात १० अंश आणि ताशी ४० किमी टाकलं की उत्तर येतं साधारण ६. सूत्रातला वारा १० मीटर उंचीवर मोजलेला असतो आणि चेहऱ्यापाशी तो त्याच्या दोन तृतीयांश धरतात. घाट उतरताना सायकलस्वाराला ताशी ४० चा वारा थेट चेहऱ्यावर लागतो, म्हणून सूत्रात खरं तर ६० टाकायला हवं. मग उत्तर येतं ५.

ठीक आहे, ५ अंश. पण एवढ्याने बोटं बंद पडायला नकोत. इथे मी बरेच दिवस अडकलो होतो, आणि चूक अशी की हे सूत्र कोरड्या, उघड्या चेहऱ्यासाठी आहे. मी कोरडा नव्हतो.

आपलं शरीर इंजिन म्हणून तसं वायाच घालवणारं. पॅडलवर १५० वॅट पोचवायचे तर त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता तयार होते, साधारण ५०० वॅट. पाणी तापवायच्या लहान रॉडच्या निम्मी, सतत, तासन् तास. ती बाहेर टाकायला घाम येतो. पसरणी घाट चढताना हे सगळं उत्तम चालू होतं. महाबळेश्वरला पावणेसहाला पोचलो, कंट्रोल बंद व्हायला १५ मिनिटं होती. पोहे, चहा, फोन चार्जिंग यात तास गेला. निघालो तेव्हा अंधार पडला होता आणि अंगावर जर्सी, तिच्या आत सुती बनियन, दोन्ही ओलेगार.

मग पाचगणी सोडल्यावर उतार लागला. उतारावर पॅडल बंद, म्हणजे ५०० वॅटचा रॉड बंद. शरीर स्वस्थ बसल्यावर जेवढी उष्णता तयार करतं तेवढीच उरली, जेमतेम १०० वॅट. आणि खर्च? एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४ किलोज्यूल लागतात. बनियनमध्ये १५० ग्रॅम पाणी असेल आणि ते अर्ध्या तासात वाळलं तर ते २०० वॅटने उष्णता खेचतं. ती सगळी अंगातूनच येते असं नाही, थोडी हवेतूनही येते. तरी जमा १०० आणि खर्च त्याच्या वर, शिवाय वारा वेगळा. अशा वेळी शरीर हृदय आणि मेंदू सांभाळतं आणि हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं. नेमक्या त्याच बोटांवर घाटात ब्रेकची जबाबदारी असते. मला शेवटच्या तीन-चार वळणांवर ब्रेक बोटांनी नाही, अख्ख्या पंजाने ओढावा लागत होता. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

म्हणजे बोटं गारठली ती हातमोज्यांच्या चुकीमुळे कमी आणि बनियनमुळे जास्त.

आपला हिवाळा युरोपातला नाही

सायकलच्या हिवाळी कपड्यांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक युरोप-अमेरिकेतलं. तिथे हिवाळा म्हणजे मोसम संपला. आपल्याकडे उलटं. मार्चनंतर दुपारी रस्त्यावर तव्यासारखं तापतं आणि जूनपासून पाऊस, म्हणून लांब पल्ल्याचं जे काही करायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पण पुण्यात डिसेंबरात पहाटे १२ अंश आणि दुपारी ३० हे नेहमीचं आहे. एकाच राइडमध्ये दोन ऋतू.

त्यामुळे जाड थर्मल जाकीट इथे बिनकामाचं. सकाळी दोन तास सुखाचे जातात, मग ते ठेवायचं कुठे? आपल्याला हवेत ते काढता येतील आणि जर्सीच्या मागच्या खिशात मावतील असे पातळ तुकडे.

सगळ्यात आत पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा अंगाला चिकटून बसणारा थर. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, ओलावा कापडावर पसरतो आणि चढावरच उडून जातो. सुती धागा पाणी आत धरून ठेवतो आणि ते उतारावर आपल्याला परत करतो. मी हे घरी तपासलं. दोन रविवारी सिंहगडाचा तोच चढ, तीच वेळ. कपडा निघण्याआधी आणि माथ्यावरून आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. सुती बनियन १३५ ग्रॅमने जड झालं, पॉलिएस्टर ५० ग्रॅमने. दोनच राइडचा हा प्रयोग, शास्त्रीय म्हणवत नाही, पण मला पुरला. काटा धुऊन ठेवायची अट आईची.

त्यावर बिनबाह्यांचं, फक्त समोरून वारा अडवणारं जाकीट. मुठीत मावतं. बाह्यांसाठी आर्म वॉर्मर, ते चालता चालता मनगटापर्यंत खाली ढकलता येतात. गुडघ्यांना नी वॉर्मर. गळ्यात बफ. बोटं झाकणारे पातळ हातमोजे, आणि खिशात एक जोडी डॉक्टर वापरतात ते रबरी हातमोजे. फारच वारा लागला तर ते आत घालायचे. घाम साठतो, पण अर्ध्या तासाच्या उतारापुरते चालतात. माकडटोपी मात्र घरीच ठेवा, तिच्या जाडीमुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही.

'वॉटरप्रूफ आणि ब्रीदेबल' जाकिटांबद्दल हमखास विचारणा होते. त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, वाफ बाहेर जाते. लेबलवरचा १०,००० मिमी हा आकडा म्हणजे कापड तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं. पण वाफ बाहेर जाण्याचा वेग मर्यादित असतो आणि जोरात चढ मारणाऱ्या माणसाच्या घामापुढे तो कमी पडतो. डिसेंबरात आपल्याकडे पाऊस जवळपास नसतो. जे संकट येणारच नाही त्यासाठी हजारो रुपये घालू नयेत, असं माझं मत. ते पैसे दिव्याला लागतील.

आणि सगळ्यात स्वस्त उपकरण म्हणजे वर्तमानपत्र. युरोपातले व्यावसायिक सायकलपटू डोंगरमाथ्यावर प्रेक्षकांकडून पेपर घेऊन जर्सीत सरकवायचे, ती युक्ती जुनीच आहे. कागद वारा अडवतो, थोडी हवा धरून ठेवतो, आणि खाली आल्यावर टाकून देता येतो. टपरीवर कालचा पेपर मिळतोच.

दिवे आणि बनियनवरचं बनियन

डिसेंबरात साडेसहापर्यंत चांगलाच अंधार होतो. सकाळी सहाला सुटून रात्री दोनला पोचणाऱ्याला साडेसात तास दिवा लागणार. दोन सेलची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची असते. ८०० लुमेनला अंदाजे ८ वॅट जातात, म्हणजे सव्वादोन तास. ४०० ला साडेचार. त्यामुळे खोक्यावरचा सर्वात मोठा आकडा बघून दिवा घेऊ नका, 'मधल्या प्रकाशात किती तास' ते बघा. थंडीत लिथियम बॅटरीची आतली रासायनिक क्रिया मंदावते हे खरं, पण १० अंशाला तो फरक किरकोळ असतो. आपल्याकडे थंडीत दिवा विझला तर बहुतेक वेळा बॅटरी जुनी झालेली असते किंवा चार्ज करायला विसरलेलो असतो.

रात्री बीआरएममध्ये रिफ्लेक्टिव्ह जाकीट सक्तीचं असतं. त्यातल्या पट्टीवर काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात, ते प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात, म्हणून ट्रकवाल्याला ती पट्टी झगझगीत दिसते. माझा मूर्खपणा असा की त्या रात्री थंडी वाजते म्हणून मी त्याच्यावरून काळा रेनकोट चढवला होता. अर्धा घाट मी असाच, पाठीमागून जवळपास अदृश्य उतरलो. आता क्रम पाठ आहे, काहीही घाला, रिफ्लेक्टिव्ह सगळ्यात बाहेर. घोट्याला पट्ट्या बांधल्या तर आणखी बरं, वरखाली होणारे पाय दिसले की समोर सायकल आहे हे चालकाला लवकर कळतं.

थांबायचं कधी

गिर्यारोहक एक सोपी चाचणी करतात. अंगठा करंगळीच्या टोकाला लावून बघायचा. जमलं नाही तर हात ब्रेक धरण्याच्या लायकीचा उरलेला नाही. उतार सुरू व्हायच्या आधी मी आता दर वेळी हे करतो. जमलं नाही तर खाली उतरून चालायचं, हात काखेत धरायचे, कोरडं काहीतरी चढवायचं. थरथर सुरू झाली, बोलणं अडखळायला लागलं, तर वेळेचा हिशोब विसरून आडोसा शोधायचा आणि कोणालातरी फोन करायचा.

आणखी एक. डोंगर उतरलं की ऊब मिळेल हे गृहीत धरू नका. शांत, निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन खोलगट भागात साचते. पुण्यात पाषाणचा पारा अनेकदा लोहगावपेक्षा खाली असतो, त्यामागे हेही एक कारण. माझ्या मीटरवर वाईच्या अलीकडे आकडा वाढला नव्हता.

जानेवारीतल्या ३०० ची फी भरली आहे. मार्ग बहुतेक तोच, महाबळेश्वर करून परत. या वेळी जर्सीच्या खिशात एक कोरडा पॉलिएस्टरचा थर प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेणार आहे. माथ्यावर पोहे मागवायच्या आधी तो बदलायचा, थांबा २५ मिनिटांचा. दादाला त्या रात्री फोन चालू ठेवायला सांगितलंय. तो म्हणाला, गाडीत पेट्रोलही भरून ठेवतो.