पॅरिश व्हेस्ट्री (लंडन, १८५५–१९००)

व्हिक्टोरियन लंडनमध्ये पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या जुन्या हद्दीवरून ठरलेल्या विभागाचा, नागरी कारभार पाहणारी निर्वाचित सभा. रस्त्यांची झाडलोट, कचरा उचलणे, फरसबंदी, दिवाबत्ती व स्थानिक गटारे ही तिची मुख्य कामे. सिटी ऑफ लंडन या शहराच्या जुन्या गाभ्याचा कारभार स्वतंत्र होता.

रचना : १८५५ च्या महानगर व्यवस्थापन कायद्यानुसार मोठ्या पॅरिशांना स्वतंत्र व्हेस्ट्री मिळाल्या, लहान पॅरिशांचे गट करून जिल्हा मंडळे नेमली गेली. करदात्यांच्या संख्येनुसार सदस्य १८ ते १२० असत. मुदत तीन वर्षांची असून दरवर्षी एकतृतीयांश सदस्य निवृत्त होत. आरोग्य अधिकारी नेमणे बंधनकारक होते. मुख्य गटारे मात्र साऱ्या लंडनसाठीच्या महानगर कार्यमंडळाकडे व १८८९ पासून लंडन काउंटी कौन्सिलकडे होती. १८९४ पासून स्त्रियांनाही सदस्य होता येऊ लागले.

झाडलोट : घोड्यांची लीद आणि खडीच्या रस्त्यांवरचा चिखल ही रोजची अडचण. व्हेस्ट्री हे काम ठेकेदाराला देई किंवा स्वतःचे झाडूवाले व घोडागाड्या ठेवी. उन्हाळ्यात धूळ बसावी म्हणून रस्त्यांवर पाणी शिंपत. लीदमिश्रित केराला शेतीखत म्हणून गिऱ्हाईक असे. चौकात पादचाऱ्यांसाठी वाट झाडून पैसे मागणारे गरीब लोक मात्र पॅरिशचे नोकर नव्हते.

घरगुती कचरा : यात मुख्यतः कोळशाची राख असे. गाडीवान ती घरोघरून गोळा करून ठेकेदाराच्या आवारात नेत. तेथे बहुधा स्त्रिया गुडघ्यापर्यंत ढिगात उभ्या राहून लोखंडी चाळण्यांनी ती चाळत. बारीक राख विटांच्या मातीत मिसळली जाई, अर्धवट जळलेले कोळसे विटा भाजण्यास जात, आणि हाडे, चिंध्या व धातू भंगारात विकले जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या मालाला इतकी मागणी होती की कचरा उचलण्याच्या हक्कासाठी ठेकेदारच पॅरिशला पैसे मोजत. पुढे भाव पडले आणि पॅरिशला ठेकेदारांना पैसे द्यावे लागले. उत्पन्नाची बाब खर्चाची झाली, तरी आरोग्यासाठी ती टाळता येण्यासारखी नव्हती. १८९१ च्या सार्वजनिक आरोग्य (लंडन) कायद्याने कचरा हलवण्याची जबाबदारी अधिक काटेकोर केली.

शोरडिचचा प्रयोग : सेंट लेनर्ड, शोरडिच या दाट वस्तीच्या कामगार पॅरिशने कचरा जाळून त्या उष्णतेवर वाफ आणि वाफेवर वीज निर्माण करणारे केंद्र उभारले. २८ जून १८९७ रोजी भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ‘धुळीतून प्रकाश आणि शक्ती’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य इमारतीवर कोरले आहे. गरीब वस्तीचा कचरा त्याच वस्तीला दिवे देऊ शकतो, हे या केंद्राने दाखवले. पॅरिश-कारभाराचे हे सर्वांत मोलाचे काम होय. सेंट पँक्रस व्हेस्ट्रीने त्याआधी १८९१ मध्ये स्वतःची वीज पुरवण्यास सुरुवात केली होती.

पाणीपुरवठा : खासगी कंपन्यांकडे होता.

मूल्यमापन : काटकसर, हितसंबंध आणि ठेक्यांतील गैरव्यवहार यांबद्दल व्हेस्ट्रींवर टीका झाली. मात्र पॅरिशा-पॅरिशांत मोठा फरक असल्याने सरसकट निष्कर्ष काढणे कठीण आहे.

विसर्जन : १८९९ च्या लंडन शासन कायद्याने व्हेस्ट्री व जिल्हा मंडळे रद्द झाली आणि १९०० मध्ये त्यांच्या जागी २८ महानगरीय बरो (स्थानिक कारभाराचे विभाग) अस्तित्वात आले.