कोरडं म्हणजे किती कोरडं?

अणुभट्टीतून काढलेलं इंधन आधी पाण्यात ठेवतात, कारण पाणी त्याची उष्णताही वाहून नेतं आणि किरणोत्सारही अडवतं. मग तेच इंधन वर काढून त्यातलं पाणी उपसायचा खटाटोप कशासाठी? या तंत्राचं मूळ प्रयोगशाळेत सापडत नाही, ते एका रखडलेल्या निर्णयात आहे. अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रांचे साठवण-तलाव थोड्या वर्षांच्या मुक्कामापुरते बांधलेले होते. इंधन निवलं की पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात जाऊन आम्लात विरघळणार, हे गृहीतच होतं. आणि आम्लात जायची वस्तू वाळवत कोण बसणार? १९७७ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्यापारी पुनर्प्रक्रिया बेमुदत लांबणीवर टाकली. पुढे बंदी उठली, पण कारखाने उभे राहिले नाहीत. १९८२च्या कायद्याने हे इंधन कायमचं पुरायची जबाबदारी सरकारवर आली, तीही रखडली. तलाव भरत गेले. १९८६ साली व्हर्जिनियातल्या सरी केंद्राला कोरड्या साठवणीचा देशातला पहिला परवाना मिळाला. वेल्समधल्या विल्फा केंद्रात कोरडी कोठारं त्याआधीच होती, पण तिथे इंधन भट्टीतून थेट कोठारात जाई. जे भिजवलंच नाही ते वाळवायचं काय! वाळवणीचा खरा पेच अमेरिकेतल्या भिजलेल्या इंधनाने उभा केला.

कोरड्या साठवणीच्या पिंपात इंधन पाण्याखालीच भरतात, मग पाणी काढून टाकतात. तरीही सांदीकोपऱ्यांत आणि इंधनाच्या तडकलेल्या नळ्यांच्या आत ते उरतंच. किरणोत्साराने त्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार होतात. तडकलेल्या नळीतल्या युरेनियम डायऑक्साइडला तापलेल्या अवस्थेत पुरेसा ऑक्सिजन मिळाला, तर ते फुगून नळी आणखी फाडू शकतं. म्हणून पिंपातली हवा पंपाने ओढून निर्वात करायचं आणि शेवटी हेलियम भरायचा. पण थांबायचं कधी? अमेरिकी नियामकांच्या मार्गदर्शनात रूढ झालेली कसोटी अशी: दाब ३ टॉरपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे अडीचशेव्या हिश्श्यापर्यंत, उतरवायचा, पंप वेगळा करायचा आणि अर्धा तास दाब वर चढत नाही हे पाहायचं. ७ घनमीटर पोकळीत या दाबाला उरलेली वाफ वीसेक ग्रॅम भरते. एवढ्याने काही बिघडत नाही, असा त्यामागचा हिशेब. म्हणजे ‘कोरडं’ ही इथे पदार्थाची अवस्था नाही, सोसण्याजोग्या ओलीची ठरवून घेतलेली मर्यादा आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: ही कसोटी वाफ मोजते, पाणी नाही. तो खराच आहे. घाईने निर्वात केलं तर बाष्पीभवनाच्या थंडाव्याने उरलेलं पाणी गोठतं, आणि उणे ५ अंशांखालचा बर्फ ३ टॉरच्या कसोटीला हुलकावणी देऊ शकतो. म्हणूनच पंप टप्प्याटप्प्याने चालवतात. मग इंधन अधिक तापू का देऊ नये? कारण निर्वातात उष्णता बाहेर न्यायला वायूच नसतो. नळ्यांचं तापमान ४०० अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये असा दंडक आहे. त्याहून तापवून निववलं तर झिर्कोनियमच्या नळीतला हायड्रोजन वेगळ्या दिशेने साकळून नळी ठिसूळ होण्याची भीती. पृष्ठभागाला रासायनिक बंधाने चिकटलेलं पाणी तर या कसोटीत दिसतच नाही. अमेरिकेतल्याच नॉर्थ ॲना केंद्रात २०१७ साली भरलेल्या संशोधन-पिंपातल्या वायूचे नमुने वाळवणीनंतर काही दिवस घेतले, तेव्हा बाष्पाचं प्रमाण वाढत गेलेलं दिसलं.

म्हणून कसोटी फोल ठरते का? मला तसं वाटत नाही. झिर्कोनियमच्या धडधाकट नळ्या थोड्या ओलीला दाद देत नाहीत, आणि मोजकं पाणी मोजकाच ऑक्सिजन देतं. सहनशीलता मात्र इंधनागणिक बदलते. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या तलावांत गंजलेलं सुमारे २,१०० टन धातुरूप युरेनियम वाळवायला स्वतंत्र प्रकल्प उभारावा लागला, कारण तो धातू पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतो आणि त्याचं हायड्राइड हवेत आपोआप पेट घेऊ शकतं. माझी हरकत आकड्याला नाही, मुदतीला आहे. सरीचा पहिला परवाना २० वर्षांचा होता. नूतनीकरण थेट ४० वर्षांचं झालं. वीसेक ग्रॅम ओल किती काळ सोसेल याचा हिशेब त्या मुदतीबरोबर पुन्हा मांडायला हवा, आणि तो कागदावर पुरा होणार नाही. नॉर्थ ॲनाचं पिंप दहाएक वर्षांनी उघडून आतल्या नळ्या तपासायची योजना त्यासाठीच आहे.