पेट्रोल पंपावरचा आकडा आणि गिऱ्हाईकाचा संशय

एखाद्या यंत्राचा इतिहास लिहायला घेतला की हात आपोआप यादीकडे वळतो. कोणी शोधलं, कधी शोधलं, मग कोणकोणत्या सुधारणा झाल्या. यादी पुरी झाली की प्रकरण पुरं झालं असं वाटतं. मार्गदर्शकांनी 'मग यात प्रश्न काय आहे?' असं विचारलं की पंचाईत होते. म्हणून आज पेट्रोल पंपावरच्या यंत्राला एक वेगळा प्रश्न विचारून बघू: हे यंत्र कोणाच्या संशयाला उत्तर द्यायला असं घडलं?

आधी शब्दाचा घोळ सोडवून घेऊ. मराठीत 'पंप' म्हणजे ती अख्खी जागा. पण ज्या खांबातून नळी बाहेर येते, त्या खांबात आता बऱ्याच ठिकाणी पंप नसतोच. तो जमिनीखालच्या टाकीत बुडवलेला असतो. खांबात उरतं ते मुख्यतः मोजमाप. तेव्हा आपला विषय तेल खेचण्याचा कमी आणि मोजण्याचा जास्त आहे.

सुरुवात मोटारीच्याही आधीची आहे. १८८५ साली अमेरिकेत इंडियानातल्या फोर्ट वेन गावी सिल्व्हेनस बाउझरने एका किराणा दुकानदाराला रॉकेल काढायचा हातपंप विकला. दुकानातल्या रॉकेलच्या पिंपाची गळती शेजारच्या लोण्याला लागायची, म्हणून हा पंप आला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, आणि म्हणूनच ती जपून वापरा. यंत्राच्या जन्मकथा सहसा यंत्र विकणाऱ्यांच्या सोयीच्या असतात. पुढे १९०५च्या सुमारास बाउझरने हीच युक्ती मोटारींच्या पेट्रोलसाठी वापरली. त्याआधी पेट्रोल डब्यातून, नरसाळ्याने ओतलं जायचं. (ऑस्ट्रेलियात आजही पंपाला 'बाउझर' म्हणतात. आपल्याकडे तोच शब्द डिझेल वाहून नेणाऱ्या गाडीला चिकटला.)

पण बाउझरच्या पंपात एक अडचण होती. डब्याने घेताना माप डोळ्यांसमोर असायचं. आता मोजणं लोखंडी पेटीच्या आत गेलं. दांडा एकदा हलला म्हणजे खरंच एक गॅलन आलं का, हे गिऱ्हाईकाला कसं कळणार?

याचं उत्तर म्हणून १९१०-२०च्या दशकांत काचेचे पंप पसरले. माणूस लांब दांडा हलवून पेट्रोल वरच्या काचेच्या उंच नळकांड्यात चढवायचा. काचेत गॅलनच्या खुणा असायच्या. तुम्ही बघायचं, मग ते आपल्या वजनाने नळीतून गाडीत उतरायचं. कंपन्या आपापल्या पेट्रोलला रंगही देऊ लागल्या, कारण आता ते दिसत होतं. तांत्रिकदृष्ट्या हे यंत्र तसं बेंगरूळच. एका वेळी मावेल तेवढंच पेट्रोल, परत भरेपर्यंत खोळंबा, आणि शेवटचं थोडं नळीत राहिलं तर बोलायची सोय नाही. तरीही ते चाललं. फक्त 'कार्यक्षमता वाढत गेली' एवढ्यावर इतिहास बेतलात, तर हा काचेचा पंप तुम्हाला नीट समजावून सांगता येणार नाही.

मग मीटर आला. त्याचं तत्त्व सोपं आहे: ठरावीक मापाच्या खोलीत पेट्रोल शिरतं, दट्ट्या त्याला पुढे ढकलतो, आणि दट्ट्यांच्या हालचालीने एक दांडा फिरतो. किती फेरे झाले, त्यावरून किती पेट्रोल गेलं ते कळतं. अचूकता वाढली, काच मात्र गेली. आणि इथे एक गंमत बघा. अनेक मीटरच्या पंपांवर काचेची एक छोटी खिडकी ठेवलेली असायची आणि तिच्यात पेट्रोलबरोबर गरगरणारी चकती. ही चकती काहीच मोजत नव्हती. ती फक्त सांगायची की नळीतून हवा नाही, पेट्रोल जातंय. संशोधकाने अशा वरवर निरुपयोगी भागांवर लक्ष ठेवावं. जुना संशय तिथेच सापडतो.

१९३०च्या दशकात पंप हिशेबही करू लागला. दांड्याच्या फेऱ्यांना दातेरी चाकांची जोड दिली की एकीकडे गॅलन आणि दुसरीकडे पैसे एकाच वेळी फिरतात. भाव बदलला की चाकांची जुळणी बदलायची. या जुळणीला तीनच घरं होती: दहा सेंट, सेंट आणि सेंटचा दहावा भाग. म्हणजे जास्तीत जास्त ९९.९ सेंट. गॅलनला वीसेक सेंट पडत होते त्या काळात ही मर्यादा कोणाच्या डोळ्यांवर येण्याचं कारणच नव्हतं.

१९७९च्या तेलसंकटात अमेरिकेत भाव डॉलरकडे सरकला आणि ती मर्यादा एकदम दिसली. यंत्र बिघडलं नव्हतं, पण भाव त्याच्यात मावेना. मग अनेक ठिकाणी यंत्रावर अर्धा भाव लावून आलेली रक्कम दुप्पट करून घेतली जाऊ लागली. काहींनी लिटरने विक्री सुरू केली, कारण एका गॅलनमध्ये ३.७८५ लिटर बसतात आणि आकडा आपोआप लहान होतो. गिऱ्हाईकाने मात्र समोरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, कागदावर चिकटवलेल्या सूचनेवर ठेवायचा! २००८ मध्ये भाव चार डॉलरला गेला, तेव्हा खेड्यांतल्या जुन्या पंपांवर हेच पुन्हा घडलं. या एका प्रसंगात अर्थकारण, कायदा आणि यंत्र एकमेकांत अडकलेले दिसतात. प्रबंधासाठी प्रसंग निवडायचा तर असा निवडा.

आता आपल्याकडे या. आजच्या यंत्रात मीटरचा दांडा 'पल्सर' नावाचा भाग फिरवतो, तो विजेचे ठोके पाठवतो आणि ठोके मोजून पडद्यावर लिटर आणि रुपये उमटतात. समजा, एका लिटरला शंभर ठोके ठरलेत. मधे कोणी चिप बसवून सत्त्याण्णव ठोक्यांचे शंभर केले, तर मीटर अगदी प्रामाणिक राहूनही आकडा खोटा ठरतो. २०१७ साली उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या कारवाईत महाराष्ट्रातल्या पंपांवर उघड झाली ती फसवणूक याच जागेची होती.

पंपावर आपल्याला सांगतात, 'साहेब, झिरो बघा.' आपण बघतो आणि निश्चिंत होतो. पण तो शून्य एवढंच सांगतो की आधीच्या गिऱ्हाईकाचा आकडा पुसला गेलाय. नंतर येणाऱ्या आकड्याबद्दल तो काहीच बोलत नाही. त्याची जबाबदारी वैधमापन शास्त्र विभागाने लावलेल्या सीलवर आहे. ते सील आपण वाचत नाही, आणि वाचायला कोणी सांगतही नाही.

शून्याखेरीज आणखी एक सोय आहे, तिचा वापर मात्र फार थोडे करतात. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाईकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर कमी-जास्त चालतं. या विषयावर काम करायचं असेल, तर जुन्या जाहिरातींआधी एखाद्या पंपावर जाऊन ते माप मागून बघा. ते कुठून काढून आणतात, किती वेळ लागतो, मागे रांगेतले लोक काय म्हणतात, सगळं टिपून ठेवा.