एका सौर वादळाच्या दोन नोंदी

इंग्लंडमधील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन १८५३ पासून सूर्यावरील डागांच्या नोंदी ठेवत होते. दुर्बिणीतून येणारी सूर्याची प्रतिमा काचेवर पाडायची, डागांच्या जागा आणि वेळ लिहायची, असा त्यांचा परिपाठ होता. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या एका मोठ्या समूहावर दोन झगझगीत ठिपके उमटले. कॅरिंग्टन साक्षीदार बोलावायला धावले. मिनिटभरात परतले, तोवर ठिपके फिकटले होते. पाच मिनिटांत सारे संपले. सुदैवाने रिचर्ड हॉजसन यांनीही ते स्वतंत्रपणे पाहिले होते.

सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून निघाले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रे बिघडली, ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत दिसला. सूर्यावरून निघालेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीवर आदळला होता, हे आज आपण जाणतो. कॅरिंग्टन यांनी मात्र एकाच घटनेवरून निष्कर्ष काढण्याचे टाळले.

हे वादळ केवढे होते? लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत चुंबकीय बदल छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप नोंदले जात. पण वादळात प्रकाशाची खूण कागदाबाहेरच गेली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मात्र निरीक्षक डोळ्यांनी मोजपट्टी वाचून आकडे वहीत लिहीत. एरवी दर तासाला, आणि क्षेत्र अस्थिर झाले की दर पंधरा किंवा पाच मिनिटांनी. २ सप्टेंबरच्या सकाळी क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. आदल्या दिवशी रेडहिलला काय दिसले, याची या निरीक्षकांना कल्पना असणे शक्य नव्हते.

२००३ मध्ये त्सुरुतानी, लखिना आणि सहकाऱ्यांनी या वह्यांतील आकडे अभ्यासून प्रसिद्ध केले. एका ठिकाणच्या आकड्यावरून साऱ्या पृथ्वीवरील वादळाची तीव्रता ठरवण्याबाबत संशोधकांत मतभेद आहेत. पण तुलनेसाठी आपल्यापाशी मोजलेला आकडा आहे. त्याची गरजही खरी आहे. मार्च १९८९ मधील याहून सौम्य वादळाने कॅनडातील क्यूबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली होती.

शाळेत लहान दुर्बिणीने कागदावर सूर्यप्रतिमा पाडून डागांची नोंद ठेवता येते. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट कधीही पाहू नये. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि वेळ लिहावी; डाग दिसले नाहीत, तर तेही लिहावे.