श्रीरामपूरचे विल्यम कॅरी

श्रीरामपूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नगर जिल्ह्यातील उसाचे मळे उभे राहतात. येथे अभिप्रेत असलेले श्रीरामपूर मात्र बंगालमधील आहे. कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डेन्मार्कच्या ताब्यात होते. आपल्या मुलखात मिशनऱ्यांनी पाय ठेवावा हे ईस्ट इंडिया कंपनीला त्या काळी मानवत नव्हते. म्हणून १८०० साली विल्यम कॅरी यांनी या डॅनिश वसाहतीचा आश्रय घेतला आणि पुढील चौतीस वर्षे ते तेथेच राहिले. मराठीचे व्याकरण, मराठीचा कोश आणि मराठी गद्याची काही आरंभीची छापील पुस्तके या परमुलखातील गावातून बाहेर पडली.

कॅरी यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात एका विणकराच्या घरी झाला. लहानपणीच ते जोडे शिवण्याच्या धंद्यात शिरले. हातात आरी आणि समोर उघडे पुस्तक, अशा स्थितीत त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा आत्मसात केल्या. आपल्या पूर्वीच्या धंद्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. पुढे कोणी त्यांना जोडे तयार करणारा म्हटले, तर आपण तेवढेही नव्हतो, फाटके जोडे सांधणारे होतो, अशी दुरुस्ती ते स्वतःच करीत.

१७८१ साली, विसावे वर्षही पुरे झालेले नसता, त्यांचा डॉरथी प्लॅकेट यांच्याशी विवाह झाला. डॉरथी वयाने त्यांच्याहून मोठ्या होत्या. विवाहाच्या नोंदवहीत त्यांनी सहीच्या जागी फुली काढली, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. पती नकाशावर बोट ठेवून दूरदूरच्या देशांचा विचार करीत असे. पत्नीचे जग मात्र आपल्या परगण्याच्या सीमेपलीकडे कधी गेलेच नव्हते. १७९३ साली पतीने हिंदुस्थानात जाण्याचे ठरविले, तेव्हा डॉरथींनी स्पष्ट नकार दिला. त्या गरोदर होत्या. त्यांना मागे ठेवून, थोरल्या फेलिक्सला घेऊन कॅरी निघाले देखील. पण परवान्याच्या अडचणीमुळे त्यांना जहाजावरून उतरावे लागले आणि निघावयाला विलंब झाला. तेवढ्या अवधीत बाळ जन्मले. कॅरी पुन्हा घरी आले. पुष्कळ मनधरणी झाल्यावर, धाकट्या बहिणीने सोबत यावे या अटीवर, डॉरथी तयार झाल्या. तान्ह्या जेबेझला कुशीत घेऊन त्यांनी पाच महिन्यांचा समुद्रप्रवास केला.

बंगालमध्ये त्यांच्या वाट्याला काय आले? आरंभी पैशाची चणचण, मग सुंदरबनाच्या सीमेवरचे रान, मग उत्तर बंगालमधील मदनाबाटी येथला निळीचा कारखाना. घरात हिवताप आणि आमांश ठाण मांडून होते. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर गेला. स्पर्शास्पर्शाच्या भीतीमुळे त्या बालकासाठी खड्डा खणावयालाही माणसे सहजी मिळेनात. या आघातानंतर डॉरथींचे चित्त ढळले. आपला पती दुराचारी आहे असा भ्रम त्यांना झाला. त्या रस्त्यातून त्यांच्या मागे ओरडत जात, आणि त्यांच्या जिवावर उठण्यापर्यंतही मजल गेली. पुढे त्यांना खोलीत बंद करून ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे, असा सल्ला स्नेह्यांनी दिला. कॅरी यांनी तो मानला नाही. सुमारे बारा वर्षे हे असेच चालले. एका खोलीत पंडितांसमवेत बायबलचे भाषांतर चाले आणि शेजारच्या खोलीतून आक्रोश ऐकू येई. १८०७ च्या डिसेंबरात डॉरथींची सुटका झाली.

कॅरींच्या चरित्रकारांपैकी कित्येकांनी या बाईला पतीच्या पायातील बेडी ठरविले. हा न्याय नव्हे. ईश्वराची हाक पतीला ऐकू आली होती. तिची किंमत मात्र पत्नीला मोजावी लागली. कॅरींचे धैर्य मोठे खरेच, पण डॉरथींच्या दुःखाचा हिशेब त्यातून वजा करता येत नाही.

मुलांकडे पाहावयास पित्याला उसंत नव्हती. श्रीरामपुरात त्यांना वळण लावले ते सहकारी मार्शमन यांच्या पत्नी हॅना यांनी आणि मुद्रक विल्यम वॉर्ड यांनी. फेलिक्स छापखान्यात तयार झाला, १८०७ मध्ये ब्रह्मदेशात गेला. १८१४ साली इरावतीत नाव बुडून त्याची पत्नी व मुले दगावली. काही काळ तो ब्रह्मी राजाचा वकील म्हणून मिरवला. धर्मप्रसारक मुलगा राजदूताच्या पायरीवर उतरला, याचाच पित्याला खेद झाला! हाच फेलिक्स पुढे परत आला आणि त्याने शरीरशास्त्रावर बंगालीत ग्रंथ रचला. १८२२ साली तो पित्याआधीच निवर्तला.

१८०१ पासून कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवीत. पुढे संस्कृत व मराठीही त्यांच्याकडे आली. पगाराचा मोठा भाग ते मिशनच्या सामाईक तिजोरीत टाकीत. मराठी त्यांनी शिकली ती नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण आले. त्यात दैनंदिन व्यवहारातील संवादही जोडले होते. ते देवनागरीत छापले होते. परंतु मराठ्यांचा लेखनव्यवहार मोडीत चालतो हे ध्यानी येताच श्रीरामपुरात मोडीचे खिळे पाडण्यात आले आणि १८१० चा कोश मोडीत निघाला. त्यापुढे वैजनाथांची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये आणि ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये छापून झाला. या भाषेवर नागपुरी छाप होती. पुण्या-मुंबईच्या पंडितांनी ती अशुद्ध ठरवून नाक मुरडले, आणि १८३१ च्या मोल्सवर्थांच्या कोशाने या कोशाला मागे टाकले. तरी वाट मळविणाऱ्याचे पाय चिखलाने भरावयाचेच.

१२ वर्षांच्या श्रमावर १८१२ च्या ११ मार्चला घाला पडला. त्या सायंकाळी छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, हस्तलिखिते, त्यांत अनेक भाषांच्या तौलनिक कोशाची सिद्धता, सारे भस्म झाले. यंत्रे तेवढी बचावली. वितळलेल्या धातूतून पुन्हा खिळे ओतावयास आरंभ झाला आणि कॅरी पुन्हा पहिल्या पानापासून बसले.

डॉरथींच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १८०८ मध्ये, कॅरींनी शार्लट रूमोर या डॅनिश विदुषीशी विवाह केला. इतकी घाई सहकाऱ्यांना रुचली नाही. शार्लट प्रकृतीने दुर्बल, पण बहुभाषी होत्या. पतीच्या कामात रस घेणारी सहचारिणी कॅरींना प्रथमच लाभली. तेरा वर्षांचा हा सहवास १८२१ साली संपला. त्यानंतर ग्रेस ह्यूज यांनी त्यांच्या वार्धक्यात त्यांची शुश्रूषा केली.

१८२९ च्या डिसेंबरात एका रविवारी सतीबंदीचा कायदा बंगालीत भाषांतरासाठी त्यांच्या हाती आला. त्या दिवशी त्यांना प्रवचन करावयाचे होते. ते काम त्यांनी दुसऱ्यावर सोपविले. एका दिवसाचा विलंब म्हणजे कोणा स्त्रीचा प्राण, हे जाणून पंडितासह ते बसले आणि सायंकाळपर्यंत भाषांतर पुरे झाले.

९ जून १८३४ रोजी कॅरी श्रीरामपुरात वारले. मृत्युपत्रात त्यांनी शार्लट यांच्या शेजारी, साध्या दगडाखाली पुरण्याची इच्छा लिहिली होती. जेबेझसाठी पंधराशे रुपये द्यावयाचे होते. त्यासाठी आपला ग्रंथसंग्रह विकावा, असेही त्यांनी सांगितले होते.