रासायनिक अभिक्रियेचा वेग

रासायनिक अभिक्रियेचा वेग : एकक काळात अभिक्रियाकारकांच्या संहतीत होणारी घट किंवा उत्पादितांच्या संहतीत होणारी वाढ. द्रावणातील अभिक्रियांचा वेग सामान्यतः मोल प्रति लिटर प्रति सेकंद या एककात देतात. वेग, त्यावर परिणाम करणारे घटक आणि अभिक्रियेची यंत्रणा यांचा अभ्यास रासायनिक गतिकी या शाखेत होतो. अभिक्रिया घडणे शक्य आहे की नाही हे ऊष्मागतिकीवरून कळते. ती किती काळात घडेल हे गतिकीवरूनच समजते. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने पाणी बनताना पुष्कळ ऊर्जा बाहेर पडते, तरीही त्यांचे मिश्रण नेहमीच्या तापमानाला बंद पात्रात वर्षानुवर्षे तसेच राहू शकते. ठिणगी पडताच मात्र त्याचा स्फोट होतो.

इतिहास : लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये अम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये होणारे विघटन ध्रुवणमापकाने मोजले. कोणत्याही क्षणीचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, असे त्यांना आढळले. नॉर्वेतील गुल्डबर्ग व वागे यांनी १८६४ मध्ये संहती आणि वेग यांचा संबंध नियमरूपात मांडला. व्हान्ट हॉफ यांच्या १८८४ मधील ग्रंथाने गतिकीचा गणिती पाया घातला, तर स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमानाच्या परिणामाचे स्पष्टीकरण दिले.

टक्कर सिद्धांत : माक्स ट्राउट्स (१९१६) व विल्यम लुइस (१९१८) यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या या सिद्धांतानुसार अभिक्रिया होण्यासाठी रेणूंची टक्कर व्हावी लागते. मात्र प्रत्येक टक्कर फलदायी नसते. रेणू योग्य दिशेने एकमेकांवर आदळले पाहिजेत आणि टकरीत किमान ठरावीक ऊर्जा असली पाहिजे. या किमान ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात. वेगावर परिणाम करणारे बहुतेक घटक टकरींची संख्या तरी बदलतात, नाहीतर फलदायी टकरींचे प्रमाण तरी.

अभिक्रियाकारकांचे स्वरूप : सिल्व्हर नायट्रेट व मीठ यांची द्रावणे मिसळताच सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका खाली बसतो, कारण येथे मोकळे आयन फक्त एकत्र येतात. सहसंयुजी बंध तोडून नवे बंध जोडावे लागतात अशा अभिक्रिया सामान्यतः मंद असतात.

संहती व दाब : संहती वाढली की टकरी वाढतात. वायूंच्या बाबतीत दाब वाढवूनही हाच परिणाम साधतो. संहती दुप्पट केल्यावर वेग किती पट होईल, हे अभिक्रियेच्या कोटीवर अवलंबून असते : प्रथम कोटीत दुप्पट, द्वितीय कोटीत चौपट, शून्य कोटीत मात्र काहीच फरक नाही. तप्त टंगस्टनच्या पृष्ठावर अमोनियाचे विघटन हे शून्य कोटीचे परिचित उदाहरण होय. सगळा पृष्ठभाग अमोनियाने व्यापला की जादा वायूला जागाच उरत नाही. कोटी प्रयोगानेच ठरवावी लागते. संतुलित समीकरणावरून ती सांगता येत नाही.

पृष्ठफळ : घन पदार्थाची अभिक्रिया त्याच्या पृष्ठावर होते. १ सेंमी. बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. असते, त्याचे १ मिमी. बाजूचे १,००० घन केले तर ते ६० चौ. सेंमी. होते. म्हणूनच शहाबादी फरशीच्या तुकड्यापेक्षा तिच्या भुकटीवर अम्लाची क्रिया कितीतरी जलद होते. ज्वलनशील पदार्थाची हवेत पसरलेली धूळ यामुळेच धोकादायक ठरते. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतील मिनीआपोलिस येथील वॉशबर्न पीठगिरणीत पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन १८ जण मृत्युमुखी पडले.

तापमान : तापमान १०° से. ने वाढले की वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम सांगतात. सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे ५० किलोजूल असेल, तर २५° से. च्या आसपास तो बरोबर लागू पडतो. ती १०० किलोजूल असल्यास वेग जवळजवळ चौपट होतो. या वाढीचे मुख्य कारण टकरींची वाढती संख्या हे नाही, कारण १०° से. मध्ये ती जेमतेम २ टक्क्यांनी वाढते. सक्रियण ऊर्जा ओलांडू शकणाऱ्या रेणूंचे प्रमाण झपाट्याने वाढते, हे खरे कारण होय. याला अपवादही आहेत. नायट्रिक ऑक्साइडचा ऑक्सिजनशी संयोग तापमान वाढल्यावर मंदावतो, त्यामुळे नायट्रिक अम्लाच्या कारखान्यात या टप्प्यावर वायू थंड करतात. एंझाइमांच्या अभिक्रियाही ठरावीक तापमानापलीकडे मंदावतात, कारण प्रथिनांची रचना बिघडते.

उत्प्रेरक : स्वतः खर्ची न पडता वेग वाढवणारा पदार्थ. ‘उत्प्रेरण’ ही संकल्पना बर्झीलियस यांनी १८३५ मध्ये मांडली. उत्प्रेरक कमी सक्रियण ऊर्जेचा पर्यायी मार्ग उपलब्ध करून देतो. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनाची सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे ७५ किलोजूल असते. आयोडाइड आयनांमुळे ती सुमारे ५६ किलोजूल होते आणि रक्तातील कॅटालेज एंझाइम ती आणखी खाली आणते. उत्प्रेरकाने समतोलाची स्थिती बदलत नाही. ती फक्त लवकर गाठली जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झिओलाइट उत्प्रेरकांवर महत्त्वाचे संशोधन झाले आहे.

इतर घटक : हायड्रोजन व क्लोरीन यांचे मिश्रण अंधारात स्थिर राहते, प्रखर प्रकाशात मात्र स्फोट पावते. विद्रावक बदलल्याने वेग शेकडो पटींनी बदलू शकतो, हे मेन्शुट्किन यांनी १८९० मध्ये दाखवले. निरोधक पदार्थ वेग कमी करतात. सिमेंट लगेच घट्ट होऊ नये म्हणून त्यात जिप्सम मिसळतात.

व्यावहारिक महत्त्व : हे घटक एकमेकांविरुद्धही जाऊ शकतात. हाबर–बॉश पद्धतीत कमी तापमानाला समतोल अमोनियाच्या बाजूने झुकतो, पण वेग नगण्य असतो. जास्त तापमानाला वेग मिळतो, पण अमोनियाचे प्रमाण घटते. म्हणून लोहाचा उत्प्रेरक, सुमारे ४००° ते ५००° से. तापमान आणि १५० ते २५० वातावरण दाब असा मध्यममार्ग निवडला जातो. जगातील बहुतेक नायट्रोजनयुक्त खते याच अमोनियापासून बनतात.